बावीस जणांमागे रात्री एकच बाई?

प्रश्न : आमची मोठ्याई ८१ वर्षांची आहे. मूलबाळ नाही. मोठे बाबा गेले, मग तिला लकवा मारला आणि एक बाजू गेली. आम्ही नवराबायको दोघंही शेतात राबतो, घरी तिच्याजवळ बसायला कोणी नाही. म्हणून चार नातेवाइकांनी मिळून तिला अमरावतीजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. महिन्याचे पैसे वेळेवर भरतो. मागच्या भेटीत तिची पाठ पाहिली, तर कंबरेखाली रुपयाएवढी जखम होती. तिथल्या बाईला विचारलं. ती रडवेली झाली. म्हणाली, ‘‘दादा, बावीस बुढे-बुढ्या हायेत अन् रातच्याले मी एकलीच राहतो. कोनाकोनाले पाहू?’’ व्यवस्थापक म्हणाले, ‘‘आम्ही सेवाभावानं चालवतो, एवढंच जमते.’’ वृद्धाश्रमात किती माणसांमागे किती सेवक असावेत याचा काही नियम आहे का? नियम नसेल, तर किती असले म्हणजे पुरे? आणि आमच्यासारख्यानं दाद कुठं मागायची?
– एक वाचक, तिवसा

उत्तर : आधी मोठ्याईच्या पाठीचं पाहू, कारण ती जखम आपलं पत्र छापून येण्याची वाट पाहणार नाही. लकव्याच्या माणसाला एका अंगावर तासन्‌तास पडून राहावं लागलं, की माकडहाड, खुबा, टाच अशा हाडाच्या जागी कातडी दबते. तिथला रक्तपुरवठा तुटतो. सुरुवातीला लाल डाग दिसतो आणि बोटानं दाबला तरी फिका होत नाही. मग साल निघते, खड्डा पडतो आणि शेवटी जखम हाडापर्यंत जाते. रुपयाएवढी उघडी जखम म्हणजे लाल डागाची वेळ निघून गेली आहे. दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. जखम काळी पडली असेल, वास येत असेल, ताप असेल किंवा मोठ्याई गुंगीत असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात न्या. हवेची गादी लावून घ्या. पण एक पक्कं लक्षात ठेवा : गादीनं मदत होते, कूस बदलणं मात्र सुटत नाही. शुश्रूषेचा साधारण नेम दर दोन तासांनी कूस बदलण्याचा आहे. दिवसातून १२ वेळा, त्यात रात्रीही आल्या.

या १२ वेळांतच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, किती सेवक पुरे याचं, उत्तर दडलेलं आहे.

नियमाचं आधी सांगतो. रुग्णालयांसाठी आकडे आहेत. सर्वसाधारण वॉर्डात ६ खाटांमागे १ परिचारिका, असं केंद्राच्या कर्मचारी निरीक्षण पथकाचं जुनं प्रमाण आहे. भारतीय परिचर्या परिषदेनं शिकवणाऱ्या रुग्णालयांत ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ असं सुचवलं आहे. ते सगळीकडे पाळलं जात नाही, पण निदान मोजायला पट्टी तरी आहे. वृद्धाश्रमांचं तसं नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ सालचा. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला आणि राज्याचे नियम २०१० मध्ये आले. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे. पण राज्य सरकार तसं ‘करू शकेल’, एवढंच कायदा म्हणतो. केंद्रानं राज्यांना दिलेल्या नमुना नियमांत अशा वृद्धाश्रमाची मापं दिली आहेत. झोपण्याच्या जागेत माणशी साडेसात चौरस मीटर, स्वयंपाकघर-जेवणघर धरून माणशी १८ चौरस मीटर. रॅम्प हवा, पाणी हवं, उजेड हवा, वैद्यकीय तपासणी हवी. सगळं योग्यच आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसामागे किती हात हवेत, हा आकडा त्यात नाही. भिंती मोजल्या गेल्या, माणसं मोजायची राहिली.

ही उणीव संसदेच्या लक्षात आली नव्हती असं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये याच कायद्याचं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थांची नोंदणी सक्तीची करायची आणि त्यांना किमान मानकं लावायची, असं त्यात होतं. घरी सेवक पाठवणाऱ्या एजन्सीही त्यात येणार होत्या. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, पण मंजूर झालं नाही. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, तेव्हा ते आपोआप संपलं. वृद्धाश्रमांच्या नोंदणीचा आणि किमान मानकांचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढेही आलेला आहे.

आणखी एक जुना कायदा ध्यानात ठेवा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९. आपण नर्सिंग होम म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे खाजगी दवाखाना येतो. पण या कायद्याच्या व्याख्येत आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा, असं म्हटलं आहे. तेव्हा ‘लकव्याचे, अंथरुणावरचे रुग्ण स्वीकारतो, नर्सिंगची सोय आहे’ असा फलक लावणाऱ्या संस्थेला तुम्ही विचारू शकता : ‘तुमची या कायद्याखाली नोंदणी आहे का? पात्र परिचारिका कोण?’ महापालिकेच्या हद्दीत हा प्रश्न महापालिकेच्या आरोग्य विभागाला विचारता येतो, बाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला.

म्हणजे तुमच्या व्यवस्थापकापुढे ठेवता येईल असा तयार आकडा मी तुम्हाला देऊ शकत नाही. तो आपण मिळून काढू. तो काढायला पाटी-पेन्सिल पुरे.

अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाचा दिवस घ्या. कूस बदलणं १२ वेळा, प्रत्येकी ५ मिनिटं धरली तर १ तास. भरवणं ३ वेळा, प्रत्येकी २५ मिनिटं. घाईनं भरवलं की घास श्वासनळीत जातो आणि न्यूमोनिया होतो, म्हणून त्यात काटछाट नाही. चहा-पाणी चमच्यानं पाजायला अर्धा तास. तोंड धुणं आणि अंग पुसणं, अर्धा तास. डायपर आणि चादर बदलणं ५ वेळा, प्रत्येकी १० मिनिटं. बेरीज चार तासांच्या थोडी वर जाते. ज्यांना संडासापर्यंत धरून न्यावं लागतं, त्यांना २ तास धरू. जे आपले आपण हिंडतात, त्यांनाही गोळ्या देणं, विचारपूस करणं यासाठी अर्धा तास तरी हवाच.

आता बावीस जणांत ५ जण अंथरुणावर, ८ जण आधारानं चालणारे, ९ जण हिंडते-फिरते असं समजा. २० तास, १६ तास आणि साडेचार तास. रोजचे साडेचाळीस तास झाले. आठ तासांच्या पाळीत सात तास प्रत्यक्ष हात चालले, तर रोज सहा माणसं लागतात. पण रात्री एकाला उचलताना दुसरा हवा आणि एक जण खोलीत असताना बाहेर कोणी पडलं तर धावायला कोणी हवं. म्हणून सकाळी ३, दुपारी २ आणि रात्री २, अशी सात माणसं धरा. आठवड्याची सुटी आणि आजारपणाच्या रजा मिळवल्या, की सात जागा भरलेल्या ठेवायला नऊ माणसं नेमावी लागतात. स्वयंपाकी, सफाई कामगार आणि पहारेकरी यांत धरलेले नाहीत.

संस्था काढणाऱ्या अनेकांच्या हिशेबात हेच बसत नाही. ‘चोवीस तास एक बाई असते’ असं ते सांगतात. चोवीस तास आणि सात दिवस म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एक माणूस ४८ तास काम करतो. म्हणजे ती एक जागा भरायला साडेतीन माणसं लागतात आणि रजा धरल्या तर चार. जिथे खरोखर एकच बाई चोवीस तास असते, तिथे ती तिथेच राहते, तिथेच झोपते आणि तिच्या झोपेत जे काही होतं त्याला कोणी साक्षीदार नसतो.

तुमच्या त्या बाईची रात्र मांडून पाहा. रात्री दहा ते सकाळी सहा. पाच जणांची कूस चार वेळा, म्हणजे २० वेळा. ओलं झालेलं बदलणं धरून प्रत्येकी १० मिनिटं, तर ३ तास २० मिनिटं. आधारानं चालणारे आठ जण रात्री दोनदा उठले, तर प्रत्येकी १० मिनिटं धरून २ तास ४० मिनिटं. झाले सहा तास. तेही एकटीनं सगळ्यांना उचललं, कोणी पडलं नाही, कोणाचा श्वास अडकला नाही आणि तिनं पाणी प्यायलाही बसायचं नाही, असं धरून. माणूस हे रोज रात्री करू शकत नाही. मग ती काय करते? जे ओरडतात त्यांच्याकडे आधी जाते. मोठ्याई लकव्यामुळे ओरडू शकत नसेल, तर तिची पाळी शेवटी येते किंवा येतच नाही. पाठीवरची जखम ही तिथून आली आहे.

हेळसांड म्हटली की दुष्ट माणूस दिसतो. दुष्ट माणसंही असतात आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण बहुतेक हेळसांड हात कमी पडल्यामुळे होते आणि ती हळूहळू रीत बनते. रात्री चादर ओली होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी कमी दिलं जातं. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो. तिथे पाणी तोडणं म्हणजे लघवीचा संसर्ग, गुंगी आणि भ्रम ओढवून घेणं. मग ‘म्हातारीला भ्रम झाला’ म्हणून झोपेची गोळी दिली जाते. चालता येणाऱ्याला डायपर लावला जातो, कारण धरून न्यायला कोणी नाही. महिन्याभरात त्याचं चालणं सुटतं आणि तो अंथरुणावरच्या पाचांत सहावा होतो. लघवीची नळी गरज संपल्यावरही तशीच राहते. पडू नये म्हणून हात खाटेला बांधले जातात. जून २०२५ मध्ये नोएडातल्या एका वृद्धाश्रमात राज्य महिला आयोगाच्या पाहणीत ३९ वृद्ध हालाखीत सापडले. काहींचे हात बांधलेले होते, काही बंद खोल्यांत होते. तिथेही त्यांच्याकडे पाहायला पुरेसे कर्मचारी नव्हते.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या डॉरव्हल इथल्या एका खाजगी वृद्धनिवासात २०२० च्या करोनाकाळात कर्मचारी आजारी पडले, काही निघून गेले आणि सव्वाशेहून अधिक रहिवाशांमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली. काही आठवड्यांत तीसहून अधिक वृद्ध दगावले. ऑस्ट्रेलियानं वृद्धसेवेच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचं नावच ‘नेग्लेक्ट’, म्हणजे हेळसांड, असं होतं. त्यानंतर तिथे मिनिटांचा नियम आला : ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक रहिवाशामागे रोज सरासरी २१५ मिनिटांची शुश्रूषा, त्यांतली ४४ मिनिटं नोंदणीकृत परिचारिकेची. अमेरिकेनंही २०२४ मध्ये प्रत्येक रहिवाशामागे रोज ३.४८ तास असा नियम काढला. पण २०२५ मध्ये तो न्यायालयात टिकला नाही आणि संसदेनंही अंमलबजावणी पुढे ढकलली. पाटीवर आपण काढलेले चार तास त्या आकड्यांपासून फार दूर नाहीत, हे पाहा. शरीर सगळीकडे सारखंच असतं.

मग आपल्याकडे हे का होत नाही? पैसा हे पहिलं कारण आहे आणि ते खरं आहे. एका सेविकेला महिना १२,००० रुपये धरले, तर नऊ जणींचे १,०८,०००. बावीस जणांत वाटले तर माणशी जवळपास ४,९०० रुपये निव्वळ हातांचे. जेवण, औषध आणि वीज वेगळी. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन महिना १,५०० रुपये आहे. राज्यानं १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना काढली, पण संस्थांनी ते वृद्धाश्रम विनाअनुदान चालवायचे होते. इमारत एकदा बांधता येते, पगार दर महिन्याला द्यावा लागतो. कमी पगारावर आलेली बाई सोयाबीन सोंगणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत जास्त रोजी मिळाली, तर तिकडे जाणारच. तिला दोष कसा द्यायचा?

दुसरं कारण आपल्या मनात आहे आणि ते मला जास्त सलतं. तुमचा तालुका राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरीचा. अमरावतीलगतच्या वलगावच्या वाटेवर गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवला. अमरावतीतच शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. सेवा हा शब्द या मातीत आदरानं उच्चारला जातो. म्हणूनच ‘सेवाभावानं चालवतो’ असं कोणी म्हटलं, की आपण पुढचा प्रश्न विचारत नाही. विचारला तर पाप लागेल असं वाटतं. पण गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला आणि गाव स्वतः झाडलं. पटवर्धनांनी, जवळ जायला लोक घाबरत अशा रुग्णांच्या जखमा धुतल्या. त्यांची सेवा हातांची होती. रात्री दोन वाजता ओली चादर बदलायला कोणी नसेल, तर सेवाभाव त्या खाटेपर्यंत पोचलेला नाही. हे म्हणण्यात त्या थोरांचा अवमान नाही, उलट त्यांचं मोठेपण त्यातच आहे.

प्रश्न : मग आता मी नेमकं काय करू? तक्रार केली तर मोठ्याईला काढून देतील, ही भीती आहे.

उत्तर : भीती रास्त आहे, म्हणून पायरीपायरीनं जा. जखमेचा तारखेसह फोटो काढा आणि डॉक्टरांकडून लेखी नोंद घ्या. मग व्यवस्थापकांना शांतपणे तीन गोष्टी मागा : आठवड्याचा पाळ्यांचा तक्ता, मोठ्याईची कूस बदलल्याची वेळेनिशी नोंद आणि गेल्या आठवड्यात रात्री कोण कोण कामावर होतं त्यांची नावं. चांगली संस्था हे दाखवते. जिच्याकडे ही नोंदच नाही, तिथे कूसही वेळेवर बदलली जात नसेल, असं समजायला हरकत नाही.

भेटायला जेवणाच्या वेळी जाऊ नका, तेव्हा सगळी माणसं हजर असतात. रात्री आठनंतर किंवा भल्या पहाटे, न सांगता जा. ओठ आणि जीभ कोरडी आहे का, टाचा लाल आहेत का, नखं वाढली आहेत का, पाण्याचा गडू हात पोचेल अशा जागी आहे का, मनगटावर बांधल्याचे वळ आहेत का, हे पाहा. ती दिवसा सारखी झोपलेली असते का, तेही विचारा. इतर रहिवाशांच्या नातेवाइकांशी बोला. चार घरांनी मिळून मागितलं, तर एका घराच्या म्हातारीला काढून देणं सोपं राहत नाही.

तरी ऐकलं नाही, तर १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. सकाळी ८ ते रात्री ८ सुरू असतो. महाराष्ट्रात तो पुण्याचं जनसेवा फाउंडेशन चालवतं. छळ किंवा हेळसांड असेल, तर तिथून प्रत्यक्ष मदतीचीही व्यवस्था होते. लेखी तक्रार अमरावतीच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. तुम्ही दरमहा पैसे भरता, म्हणजे पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली ही त्रुटी आहे. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, म्हणून पावत्या जपा. खाटेला बांधणं किंवा खोलीत कोंडणं दिसलं, तर थेट पोलिसांत जा, तो गुन्हा आहे. वकिलाची गरज पडली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोठ्याईला स्त्री म्हणून विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तक्रार त्या रात्रीच्या बाईवर करू नका. तिनं तुम्हाला खरं सांगितलं. तिचं नाव न घेता तिच्या जोडीला दुसरी बाई मागा. तुमच्या तक्रारीचं मुख्य वाक्य हेच असू द्या : ‘रात्रपाळीत किमान दोन सेविका नेमाव्यात.’

आणि एक मागणं तुमच्याकडे नाही, या पानाच्या सगळ्या वाचकांकडे आहे. वाढदिवसाला, तेरवीला, वर्षश्राद्धाला आपण वृद्धाश्रमात जेवण देतो, घोंगड्या वाटतो, दात्याच्या नावाची खोली बांधतो. त्या अन्नदानाचं पुण्य कमी नाही. पण भरवणारा हात नसेल, तर लकव्याच्या माणसापुढचं ताट तसंच परत जातं. पुढच्या वेळी संस्थेला विचारा, ‘रात्रपाळीच्या एका बाईचा महिन्याचा पगार किती?’ आणि तेवढी रक्कम त्याच कामासाठी म्हणून द्या, पावतीवर तसं लिहून घ्या. एका गावातल्या बारा घरांनी एकेक महिना उचलला, तर एका सेविकेचं वर्ष निघतं. तिवसा तालुक्यात अशी बारा घरं सापडतील, याची मला खात्री आहे.